चौतीस पोती

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला तेव्हा मी नववी-दहावीला विज्ञान शिकवत होतो. माघ महिना होता. उजवा हात-पाय गेला आणि वाचा बसली. नांदेडच्या दवाखान्यातून बारा दिवसांनी त्यांना वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी आणलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला होता, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. पुढचं सगळं मीच ठरवलं. फळ्यावर मेंदू काढून 'इथे वाचा, इथे दृष्टी, इथे तोल' अशी नावं लिहायची मला वीस वर्षांची सवय. वाचेचं केंद्र गेलं म्हणजे भाषा गेली, भाषा गेली म्हणजे समजही गेली, असं मी घरात सांगून टाकलं. मास्तर मुलगा सांगतोय म्हटल्यावर कोणी वाद घातला नाही. एकटी माय म्हणाली, "त्यांना कळतंय रे सगळं." मी तिला गप्प केलं.

हळदीचा हंगाम आला. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद पोत्यांत भरून हिंगोलीच्या मार्केट यार्डात निघाली. दादांची बाज ओसरीवरच होती. तिच्याजवळ उभं राहून आम्ही भाऊ बोलत होतो. दवाखान्याचं देणं किती, रानाचा कोणता तुकडा विकायचा, दादा किती दिवस काढतील, सगळं त्यांच्या देखत. टेम्पो भरला तसं मी म्हणालो, "तीस पोती झाली." दादांनी डावा हात उचलला. पंजा उघडला, मिटला, असं सहा वेळा. मग चार बोटं दाखवली. मला ते झटके वाटले. मी तो हात धरून गोधडीखाली ठेवला. त्यांनी पुन्हा बाहेर काढला, मी पुन्हा आत ठेवला. संध्याकाळी हिशोबपट्टी आली. तिच्यावर ३४ पोती होती. मोजताना माझीच चूक झाली असेल म्हणून मी विषय सोडून दिला.

आषाढात नर्सी नामदेवच्या परतवारीला निघालेली दिंडी आमच्या अंगणात थांबली. टाळ सुरू झाले आणि दादा गाऊ लागले. अभंगाचं अख्खं कडवं, शब्द न् शब्द स्पष्ट. माय रडली. मी मात्र चिडलो. गाता येतं तर बोलत का नाहीत? पुढचे आठ दिवस मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला धरायचो आणि 'पाणी म्हणा' म्हणायचो. म्हटल्याशिवाय देत नव्हतो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

श्रावणात नांदेडला दाखवायला नेलं तेव्हा वाणी-उपचार करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी दादांना साधे प्रश्न विचारले. आता पावसाळा आहे का? किल्ली कुठे आहे? तुम्हाला दोन मुलं ना? दादांनी मानेनं आणि बोटानं सगळी उत्तरं बरोबर दिली. याला अफेझिया म्हणतात, बाई म्हणाल्या; यांना बरंचसं कळतं, पण शब्द बाहेर येत नाही. सुधारणा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या काही महिन्यांत. ते महिने मी घालवून बसलो होतो.

मग मी वाचायला घेतलं. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरनं लेबोर्न नावाचा रुग्ण तपासला. त्याला जवळजवळ 'तान' एवढंच म्हणता यायचं. किती वर्षं इथे आहेस, असं विचारल्यावर त्यानं पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस वर्षं. मला गोधडीखालचा हात आठवला. त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही.

लेबोर्न वारल्यावर ब्रोकानं त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा पाहिली आणि त्या भागाला वाचेची जागा ठरवलं. माझ्या फळ्यावरचं 'इथे वाचा' तिथूनच आलेलं. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. २००७ मध्ये त्याच्या एमआरआय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा त्या एका जागेच्या कितीतरी आत गेलेली दिसली. मेंदूच्या जागांना कामं आहेत, हे खोटं नाही. समजण्याशी जास्त संबंध असलेला मागचा भाग वेर्निकेनं १८७४ मध्येच दाखवला होता. म्हणजे बोलणं आणि समजणं एकाच वेळी बुडतं असं नाही, हे मला कळायला हवं होतं. पण एकेक काम अनेक जागा मिळून करतात आणि त्यांना जोडणारे धागे तुटले तरी काम अडतं. पाठ असलेलं गाणं दुसऱ्या वाटेनंही येऊ शकतं. चालीवर शब्द म्हणवून घेण्याची उपचारपद्धती अमेरिकेत १९७३ पासून आहे. दादा ढोंग करत नव्हते. मी पेला अडवून धरत होतो.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे माय 'पाणी' हा शब्द अभंगाच्या चालीवर म्हणवून घेऊ लागली. दिवाळीनंतर तो शब्द आला, अर्धवट, पण आला. माझं नाव दादांना शेवटपर्यंत घेता आलं नाही.

तुमच्या घरात वाचा गेलेलं माणूस असेल, तर त्याच्या बाजेशी उभं राहून त्याच्याविषयी बोलू नका. समोर बसा, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा. दादांना एका उत्तराला कधी कधी अख्खं मिनिट लागायचं.