वारं गेल्यावरची वेळ

परभणीजवळच्या पोखर्णीत कुणाचं तोंड वाकडं झालं, हातातला तांब्या सुटला, जीभ जड पडली, की घरचे म्हणतात, "वारं गेलं." मग तेल चोळतात, कुठल्या तरी गावचा झाडपाला आणतात, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. गावच्या नृसिंहाला नवसही बोलतात. नवसाला माझी ना नाही. तो परभणीच्या दवाखान्याच्या रस्त्यावर, गाडीत बसूनही बोलता येतो.

०

वारं जाणं म्हणजे मेंदूचा झटका. त्यात मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी मरतात. डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये मांडलेला हा हिशोब. तासाचे जवळपास साडेअकरा कोटी होतात.

०

सगळ्याच पेशी लगेच मरत नाहीत, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. मेंदूच्या 100 ग्रॅमला मिनिटाला साधारण 50 मिली रक्त लागतं. ते 20 च्या खाली गेलं की पेशी गप्प होते, 10 च्या खाली गेलं की मरते. मधल्या पट्ट्यातली पेशी काम करत नाही, पण जिवंत असते. जायकवाडीच्या कालव्यावर टेलच्या रानातलं पीक माना टाकतं, पण वेळेत पाणी आलं तर उठतं, तसंच हे. सगळी धावपळ या पट्ट्यासाठी.

०

रक्त नसतानाही पेशी तग धरेल असं औषध शोधण्यात कितीतरी वर्षं गेली. उपाशी पेशीतून ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्या आतून मोडतात. ही साखळी तोडू पाहणारे आणि झटक्यावरचे इतर मिळून हजारावर प्रायोगिक उपाय 2006 च्या एका आढाव्यात मोजले गेले. उंदीर वाचले, माणसं नाही. एनएक्सवाय-059 नावाचं औषध पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवून दुसरीत, 2007 साली, पडलं. सिटिकोलीन आपल्याकडे सर्रास लिहून देतात; 2012 च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

०

2023 मध्ये भारतात झटक्यावरच्या सोव्हाटेल्टाइड या नव्या औषधाला मान्यता मिळाली. अनिल गुलाटी यांच्या संशोधनातून आलेलं, बाजारात आणलं मुंबईच्या सन फार्मानं. झटक्यापासून 24 तासांत सुरू करायचं. भारतातल्या चाचणीत रुग्ण दीडशेच्या आसपास होते. मला आशा वाटते, पण खात्री मोठ्या चाचणीनंतरच.

०

आज पेशी वाचवण्याचा पक्का मार्ग म्हणजे रक्त पुन्हा सुरू करणं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत. त्यातलं टेनेक्टेप्लेज पुण्याची जेनोव्हा कंपनी बनवते. पण आधी सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जीव घेईल. घरी ॲस्पिरिन देऊ नये ते याचसाठी. पाणी, चहाही पाजू नये. गिळता येत नसेल तर घोट फुप्फुसात जातो. 108 ला फोन लावतानाच सीटी आणि हे इंजेक्शन कुठे आहे ते विचारावं.

०

ही वेळ मोजायला डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "शेवटचं धड कधी बघितलं?" याचं उत्तर बहुतेक घरातल्या बाईकडेच असतं, आणि तिलाच मागे ठेवून पुरुष गाडीत बसतात. तिला सोबत न्यावं.

०

माणूस सकाळी अंथरुणातच लुळा सापडला, तर वेळ रात्री तो झोपला तेव्हापासून धरतात. "आता उशीर झाला" म्हणून घरी ठेवू नये. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीनं दाखवलं आहे.