येणार, येणार... नवा कोस्टर येणार!

बदलापूरकर माणूस आणि 'येणार' हा शब्द, यांचं नातं फार जुनं आहे. मेट्रो येणार. तिसरा-चौथा ट्रॅक येणार. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन येणार. आमच्या सोनिवलीत तर बिल्डरच्या ब्रोशरमध्ये क्लब हाऊसपासून स्विमिंग पूलपर्यंत सगळं आधीच आलेलं असतं, फक्त नळाला पाणी यायचं बाकी असतं! तेव्हा आमच्या लोकलच्या ग्रुपला गेली बारा वर्षं 'इमॅजिकात नवा रोलर कोस्टर येणार' या एकाच विषयाने झपाटलंय, यात नवल ते काय?

हां, थोडं बॅकग्राउंड. खोपोली-पाली रोडवरचं 'अ‍ॅडलॅब्स इमॅजिका' सुरू झालं २०१३ मध्ये. 'अ‍ॅडलॅब्स'वाल्या मनमोहन शेट्टींचं हे स्वप्न. त्याआधी आमच्या पिढीची धाव गोराईपर्यंत. १९८९चं एस्सेल वर्ल्ड, शाळेची ट्रिप, बोटीतून जाणं, डब्यातली पुरी-भाजी आणि टीव्हीवरच्या जाहिरातीचं ते गाणं, जे आईला ऐकवून आम्ही तिचं डोकं उठवायचो. पण एस्सेल वर्ल्ड म्हणजे बदलापूरहून दोन तास लोकल, मग बस, मग जेट्टी. इमॅजिका मात्र आमच्या परसातलं! सगळी मुंबई एक्स्प्रेसवेवर टोल भरत तिकडे जाते. आम्ही कर्जतला उतरून खोपोली लोकल पकडतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. रोज सकाळी सीएसएमटीच्या दिशेने चेंगरून घेणाऱ्या माणसाला उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीत विंडो सीट मिळणं, ही आमच्या लेखी दिवसाची पहिली राइड असते.

२०१४ मध्ये आम्ही सहा जण पहिल्यांदा 'नायट्रो'वर बसलो. पायाखाली फळीच नाही. गाडी स्टेशनात उभी असते, तोवर जमीन असते. मग ती सरकवून घेतात आणि तुमचे बूट हवेत लोंबतात. वर १३२ फुटांवर नेतात, खाली तासाला १०५ किलोमीटर, आणि त्यातच पाच वेळा डोकं खाली पाय वर. बनवणारे स्वित्झर्लंडचे 'बॉलिजर अँड मॅबिलार्ड', म्हणजे या धंद्यातले एकदम खानदानी लोक. उतरल्यावर आमच्यातला एक जण पाच मिनिटं काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "पुढचा कधी काढणार हे?"

झालं! तिथून आमच्या अंदाजपंचे दाहोदरसे मंडळाची स्थापना झाली.

जगभर हे वेड आहे बरं का. अमेरिकेत याच स्विस कंपनीचे रूळ ओहायोतल्या बटेव्हिया नावाच्या गावातल्या एका कारखान्यात बनतात. तिथल्या अंगणात कुठल्या रंगाचा रूळ पडलाय, हे कुंपणाबाहेरून बघून लोक ठरवतात की तो कुठल्या पार्कात जाणार. इंग्लंडमधलं 'आल्टन टॉवर्स' तर नव्या कोस्टरला 'सिक्रेट वेपन' असं गुप्त नाव देऊन नंबर टाकतं. सातव्या नंबरचा 'स्माइलर' २०१३ चाच, आमच्या इमॅजिकाच्या जन्माचा. त्यात १४ वेळा उलटं होतात. चौदा!

आमच्याकडे कुंपणाबाहेर रूळ दिसत नाहीत, पण आम्हीही काही कमी नाही. एकाला आम्ही 'सॅटेलाइट' म्हणतो. तो दर महिन्याला उपग्रहाच्या नकाशावर खालापूर तालुका उघडून बसतो. एकदा त्याला नायट्रोच्या मागे मोठा काळपट चौकोन दिसला. दोन आठवडे ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. पुढचा फोटो आला तेव्हा कळलं, ढगाची सावली होती! दुसरा 'बॅलन्सशीट'. हा सीए. २०१५ मध्ये कंपनीचा आयपीओ आला, १८० रुपयांना शेअर. याने घेतले, वर "आता आपण मालक, नवा कोस्टर काढायला लावू" म्हणून डोंबिवली ते बदलापूर सगळ्या डब्याला ऐकवलं. २०२० पर्यंत तो शेअर एक आकडी झाला. तेव्हापासून तो वार्षिक अहवाल असा वाचतो जसा कुणी पत्रिका वाचतो.

आणि खरं सांगायचं तर त्या वर्षांत आमच्या गप्पांचा सूर बदलला होता. कागदोपत्री सगळं साधं होतं. १,६०० कोटींच्या आसपास खर्चून उभारलेलं पार्क, कर्जाचा डोंगर, त्यात कोविडचं कुलूप. 'नवा कोस्टर येणार का?' असं आम्ही म्हणायचो, पण विचारायचं असायचं ते हे, की आहे तो तरी राहणार का? दिल्लीचं अप्पू घर १९८४ला सुरू झालं आणि २००८ला बंद झालं. २०२०च्या लॉकडाउननंतर एस्सेल वर्ल्डची गतही आम्ही पाहत होतो. मग २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने इमॅजिका घेतलं आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. मात्र 'बॅलन्सशीट'ने लगेच टाचणी लावली. "अरे, हे लोणावळा-शिर्डीच्या 'वेट एन जॉय'वाले. पाण्यातली माणसं. घसरगुंड्या येतील, कोस्टर नाही." तर्क म्हणून मला हा आमच्या बारा वर्षांतला सगळ्यात पक्का तर्क वाटतो. घसरगुंडी स्वस्त, आपल्याकडे उन्हाळा लांब आणि अख्खं कुटुंब एकाच तिकिटावर भिजतं. कोस्टरवर मात्र आजी बाहेर पिशव्या सांभाळत बसते.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत मशिनिस्ट होते. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये जगलेला माणूस. पहिल्या ट्रिपहून मी आलो आणि उंची-वेग सांगितला, तर त्यांनी लाइट बिलाचं पाकीट उलटं करून हिशेब मांडला. "१३२ फूट म्हणजे चाळीस मीटर. नुसतं सोडलं तर खाली पोचताना सेकंदाला २८ मीटर. म्हणजे तासाला शंभर. वरचे पाच कुठून आले?"

मी म्हटलं, "बाबा, मला काय माहीत! मी डोळे मिटले होते."

"खाली खड्डा असणार," ते म्हणाले. "तीनेक मीटरचा खड्डा काढला की जमतं."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "जत्रेतल्या पाळण्याला एवढं गणित?"

मी म्हटलं, चला ना एकदा, स्वतःच बघा. त्यावर त्यांचं जे उत्तर आलं ते आमच्या घरात म्हणीसारखं झालं. "दुसरा काढतील तेव्हा येतो. पहिल्या पीसवर मी कधी विश्वास ठेवत नाही." प्रोटोटाइपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय बोलणार? मग दरवर्षी कुठूनतरी अफवा यायची, मी जेवताना सांगायचो, आणि ते विचारायचे, "पाया घातला का?" नाही म्हटलं की, "मग नाही येत," आणि आमटीची वाटी पुढे.

मी ग्रुपमधल्या अफवा घरी आणायचो त्या निम्म्या तरी यासाठीच. बाप-लेकाला बोलायला विषय लागतो हो. क्रिकेटवर आमचं जमत नाही आणि राजकारणावर तर बोलायलाच नको.

२०२३ च्या पावसाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट. आयसीयूतून बाहेर आल्यावर डॉक्टर राउंडला आले, पथ्यपाण्याचं सांगून झालं. बाबांनी अतिशय गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, रोलर कोस्टर?" डॉक्टर हसले. "काका, आधी दोन जिने चढून दाखवा. ते मात्र विसरायचं आता." बाबांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून जेवताना मी विषय काढणं बंद केलं. त्यांनीही विचारलं नाही.

ग्रुपही पांगत चालला होता. एक पुण्याला, दोघांची लग्नं, एकाचं ऑफिस घरूनच. आमचा 'जर्सी' न्यू जर्सीला. तो राहतो तिथून तासाभरावर 'किंगडा का' होता. २००५ चा, ४५६ फूट उंच, जगातला सगळ्यात उंच कोस्टर. तिकडचे फॅन्स वर्षभर कुजबुजत होते की हा बंद होणार. पार्कने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं, तेही कोस्टर बंद करून झाल्यावर! निरोपाची राइड कुणालाच मिळाली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून मनोरा पाडला, त्याचा व्हिडिओ 'जर्सी'ने आम्हाला पाठवला. खाली एवढंच, "सहा वर्षं तासाभरावर राहिलो रे." त्यावर ग्रुपवर कुणी इमोजीसुद्धा टाकला नाही.

मग डिसेंबर २०२५. चेन्नईजवळ 'वंडरला'चं नवं पार्क उघडलं आणि त्यात 'तंजोरा'. त्याच स्विस कंपनीचा, पण रुळाखाली लटकून जाणारा, भारतात पहिलाच. आमच्या निद्रिस्त ग्रुपवर एका रात्रीत २०० मेसेज! महाराष्ट्राचा अभिमान वगैरे दुखावला गेला होता. "आता इमॅजिकाला काढावाच लागेल" ही एक बाजू. "कशाला काढतील, घसरगुंडी काढतील" ही दुसरी. मी हसत होतो. बाबांनी विचारलं, काय झालं? मी दोन वर्षांनी विषय काढला. फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते.

"ह्याची चाकं दाखव," ते म्हणाले. आणि मग, "तुमचा तो जुना बघायला जायला डॉक्टरची परवानगी लागते का?"

जानेवारी २०२६ मधल्या एका वर्किंग डेला आम्ही दोघं खोपोली लोकलने गेलो. बाबांनी गेटपासचं तिकीट वाचावं तसं नायट्रोच्या रांगेबाहेरचं पाटीवरचं सगळं वाचलं. हृदयविकार, रक्तदाब, मान, पाठ. वाचून झाल्यावर म्हणाले, "बरोबर आहे," आणि जिथून चढाव आणि पहिली उडी दोन्ही दिसतात असा एक बाक हेरून बसले. मी वर गेलो. चढताना साखळीचा तो खट-खट-खट आवाज सुरू झाला आणि मला पहिल्यांदाच कळलं की तो आवाज भीती घालण्यासाठी नाही. आदल्या रात्रीच त्यांनी मला समजावलं होतं. ते रॅचेट आहे, मधेच साखळी तुटली तरी गाडी मागे येत नाही, दर दाताला अडकते. शंभरेक फुटांवर खाली बघितलं, तर बाबा बाकावर, मनगट डोळ्यांपाशी धरून. त्यांचं एचएमटीचं जुनं घड्याळ. टायमिंग घेत होते.

मी उतरलो तोवर त्यांचे सहा गाड्यांचे आकडे लिहून झाले होते. चढायला किती सेकंद, दोन गाड्यांमध्ये किती. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोनमध्ये फरक होता. "दुपारनंतर ग्रीस पातळ होतं आणि चाकं तापतात, त्यामुळे गाडी थोडी सुटते," असं निदान. बरोबर की चूक, मी विचारलं नाही. मग त्यांनी मला चाकं दाखवली. एक वर, एक बाजूला, एक खालून. तिन्हींनी मिळून नळीसारखा रूळ कवळलेला. "म्हणून तू पडत नाहीस," ते म्हणाले. "पट्ट्यामुळे नाही." बारा वर्षं मी पट्टा घट्ट धरून बसत होतो!

परतीच्या गाडीत त्यांनी स्वतःच विषय काढला. पार्काची जागा सुमारे ३०० एकरांची, हे माझ्याकडूनच ऐकलेलं. "जागा आहे रे. काढायचा तर पायाचं काम पावसाच्या आधी उरकायला हवं. खोपोलीचा पाऊस आहे तो. म्हणजे दिवाळी ते मे, एवढ्यातच हालचाल दिसणार. तुमचा तो सॅटेलाइटवाला जूनमध्ये कशाला बघत बसतो? ढगच दिसणार त्याला."

मी म्हटलं, हे तुम्हीच सांगा त्याला. आणि ग्रुपमध्ये ॲड केलं.

आता ग्रुपवर सगळ्यात अ‍ॅक्टिव्ह मेंबर तेच आहेत. सगळे त्यांना 'काका' म्हणतात आणि घाबरतात, कारण कुणी अफवा टाकली की लगेच प्रश्न येतो, "सोर्स?" मागच्या आठवड्यात त्यांनी आमच्या गच्चीवरून फोटो टाकला. समोरच्या शेतात नव्या टॉवरचं काम सुरू झालंय, तिथलं पायलिंगचं यंत्र, बाजूला सळ्यांचे पिंजरे, उकरलेली लाल माती. 'सॅटेलाइट'ने तीन सेकंदात विचारलं, "काका, हे खोपोली का???"

बाबांचा रिप्लाय आला, "सोनिवली. पाया असा दिसतो. तिकडे असं काही दिसलं तर कळवणे."