गस्तीची परीक्षा

निवृत्त शिक्षकाला लोक निरुद्योगी समजतात. त्यामुळें आमच्या आळींत एका वर्षांत चार घरफोड्या झाल्या, तेव्हां गस्तीची व्यवस्था साहजिकच आमच्या गळ्यांत पडली. कौटिल्यानें दहा, वीस वा चाळीस कुळांवर एकेक गोप नेमावयास सांगितलें आहे. आम्ही चाळीस बिऱ्हाडांचे गोप झालों! रात्रीं अकरापासून पहांटे पांचपर्यंत दोघादोघांची पाळी, हातांत विजेरी, गळ्यांत शिटी आणि संशय येईल त्याची नोंद करण्यास एक वही, असा सरंजाम जमला.

वर्षअखेर चार चोऱ्यांची एक झाली. मंडळींनीं पेढे वांटले. परंतु आमचा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलेला. उत्तर बरोबर आलें तरी रीत पाहिल्यावांचून गुण देण्याची संवय नाहीं. शेजारच्या आळींत चौकशी केली. तिथें गस्त नव्हती, तरी पांच चोऱ्यांच्या दोन झाल्या होत्या. मग आमच्या चार घरफोड्यांच्या वेळा विचारल्या. तीन भर दुपारीं, दाराला कुलूप असतां झाल्या होत्या. आणि आम्ही जागलों रात्रीं!

वही वाचतांना तर मान खालीं गेली. भंगारवाला, गवंडी, आणि पहांटे सायकलवरून फिरणारा एक पोरगा. पोरग्याच्या तीन नोंदी, त्यांतल्या दोन आमच्याच हस्ताक्षरांत. तो वर्तमानपत्रें टाकणारा होता. आमच्यापैकीं एकानें त्या नोंदी त्याच्या मालकाच्या कानीं घातल्या आणि पोराचें काम गेलें. मृच्छकटिकांतला शर्विलक ब्राह्मण. भिंतीला भोंक पाडतांना जानव्यानें माप घेतो. ही कथा आम्ही वर्गांत रंगवून सांगत असूं. पण वहींत आपल्यासारख्या एकाही माणसाची नोंद नव्हती.

पुढें काय करावें या विचारांत असतां इंग्लंडांतील रॉचडेल येथल्या कर्कहोल्ट वसाहतीचा वृत्तांत वाचनांत आला. एकदां फुटलेलें घरच पुन्हां फुटण्याचा संभव अधिक, असें १९८६ च्या सुमारास तिथें आढळलें. तेव्हां फुटलेल्या घराचे कडीकोयंडे पक्के करणें, घरोघरचीं नाणीं टाकून चालणारीं मीटरें काढणें व भोंवतालच्या पांचसहा घरांनीं त्या घरावर नजर ठेवणें, हे मुख्य उपाय योजिले. तीन वर्षांत घरफोड्या पूर्वीच्या सुमारें चतुर्थांशावर आल्या.

आम्हींही गस्त बंद केली. फुटलेल्या चार घरांचीं दारें सुताराकडून बळकट करून घेतलीं. दुपारीं बाहेर पडतांना शेजारीं सांगून जाण्याचा जुना रिवाज पुन्हां सुरू केला. वहींत आतां माणसांची नोंद होत नाहीं. चोरी कोठें, केव्हां, कोणत्या वाटेनें झाली एवढेंच लिहितों, आणि वर्षअखेर शेजारच्या आळीशीं ताडून पाहतों.

राहिला तो पोरगा. त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्याला दुसरें काम मिळालें होतें. त्याच्या आईनें चहा ठेवला. तो मात्र एवढेंच म्हणाला, “सर, तुमच्या घरीं पेपर मीच टाकत होतो.”