एका पातेल्यातले कालवण : भोर ते वरंधा घाट

पुण्याहून कोकणात उतरण्याच्या वाटा अनेक आहेत. परंतु भोरवरून वरंधा घाटाने महाडला जाणारी वाट ही सावकाश जाणाऱ्यांची वाट आहे. सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत यावे, तेथे महामार्ग सोडून उजवीकडे भोरकडे वळावे, की मालमोटारींचा गोंगाट मागे पडतो. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. राजवाडा अजून उभा आहे आणि नीरा नदी गावाला लागूनच वाहते. भोर सोडल्यावर रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत घाटाकडे चढू लागतो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट पुष्कळदा बंद असतो. म्हणून आमच्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात होतात.

‘आमच्या’ म्हणजे दहा-बारा मोटारसायकलवेड्यांच्या. सर्वांत तरुण सदस्य पंचेचाळिशीचा आणि ज्येष्ठ सत्तरी ओलांडलेले. कोणाकडे बुलेट, कोणाकडे १९९६ साली बंद पडलेल्या म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, तर एकाकडे वडिलांपासून चालत आलेली राजदूत. वेगाची हौस कोणालाच उरलेली नाही. मात्र एक नियम सर्वजण कसोशीने पाळतात : वाटेत हॉटेलात जेवायचे नाही. प्रत्येकाने घरचा एक पदार्थ आणायचा, आपल्याखेरीज आणखी दोघांना पुरेल इतका. आणि कालवण मात्र तेथेच, सर्वांसाठी एका पातेल्यात शिजवायचे.

पातेल्याभोवती

घाटात वाघजाईच्या देवळाजवळ चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि समोर दरीचा देखावा अप्रतिम आहे. परंतु तेथील माकडांपुढे डबा उघडण्याचे धाडस कोणी करू नये. आम्ही त्याआधीच, जलाशयाकाठच्या एखाद्या झाडाखाली थांबतो. लहानशी गॅसची शेगडी पेटते. तेलात लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी पडते, पाणी आणि दोन-चार आमसुले जातात, उकळी फुटली की कुळथाचे पीठ हळूहळू पेरले जाते. दहा-पंधरा मिनिटांत पिठले तयार होते.

कुळीथ का, असे नवागत विचारतात. भाजून दळलेले कोरडे पीठ प्रवासात बिघडत नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण वैद्यकीय आहे. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या वयात स्नायू झिजतात. ती झीज रोखण्यासाठी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज साधारण १ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रत्यक्षात माझ्या दवाखान्यात येणारे अनेक वृद्ध चहा-बिस्किटे आणि वरणभातावर दिवस काढतात. दात नाहीत म्हणून भाकरी नको, एकट्यासाठी कोण शिजवणार म्हणून उसळ नको. ऊन पिठल्यात कुस्करलेली भाकरी दातांवाचूनही खाता येते.

डब्यात काय असावे

प्रवासाच्या शिदोरीचे शास्त्र आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. दशमीची कणीक त्या पाण्याऐवजी दुधात मळत. अशी दशमी मऊ राहते आणि साध्या पोळीपेक्षा अधिक टिकते. शेंगदाण्याची, तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, पाणी आटवून केलेली मटकीची उसळ हे सारे पदार्थ त्याच परंपरेतले. आमच्या पंगतीत हेच फिरत असतात, आणि सोबत कोणीतरी आठवणीने आणलेला गूळ.

टाळायचे काय, हेही सांगायला हवे. ओल्या नारळाचे वाटण घातलेली भाजी उन्हात लवकर आंबते. सकाळी शिजवलेला भात डब्यात कोमट राहिला, तर त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू, जे शिजवतानाही मरत नाहीत, ते वाढीस लागून विष निर्माण करतात. आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. शिजवलेले ओलसर अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ कोमट राहू देऊ नये; कडक उन्हाळ्यात तर एकच तास. पातळ कालवण घरूनच न्यायचे असेल, तर चांगला थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा आणि कालवण उकळते असतानाच भरावे. तरुणाला एका दिवसाचा त्रास देणारे जुलाब वृद्धाला रुग्णालयात पोहोचवू शकतात.

लोणचे, पापड आणि ठेचा यांचा मोह मलाही होतो. पण दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका सपाट चमच्यापेक्षा कमी असावे. म्हणून पंगतीत ठेच्याची बरणी एकदाच फिरते.

घड्याळ, गोळ्या आणि पाणी

आमचे पातेले नऊ वाजता चढते, भूक लागो वा न लागो. आमच्यातील तिघांना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे खाणे लांबले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, चिडचिड, नजर धूसर होणे ही तिची लक्षणे. आणि हेल्मेट-जाकीट घातलेल्या स्वाराला घाम उन्हाने आला की साखर घसरल्याने, हे कळत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग पोटभर खावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तातडीने मदत मिळवावी.

पाण्याचे तसेच. वयाबरोबर तहान मंदावते, आणि वारंवार लघवीला जावे लागेल या संकोचाने पुष्कळजण पाणी टाळतात. आम्ही दर तासाला थांबतो, पाच मिनिटे पायी फिरतो आणि प्रत्येकजण थोडे पाणी पितो. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मर्यादा पाळावी. तसेच भरपेट जेवणानंतर काही वृद्धांचा रक्तदाब उतरतो आणि उठताना घेरी येते. म्हणून जेवण बेताचे आणि त्यानंतर किमान अर्धा तास विसावा. या अर्ध्या तासातच जलाशयाकडे पाहत खऱ्या गप्पा होतात.

नमुना १-अ

चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्याचा कागद म्हणजे नमुना १-अ. पंचावन्नानंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. हा कागद घेऊन आमच्यातील एक ज्येष्ठ, वय वर्षे ७२, माझ्या दवाखान्यात आले. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे वजन वर्षभरात सहा किलोंनी उतरले होते. सर्व तपासण्या झाल्या होत्या. मोठा आजार निघाला नव्हता. ताट समोर आले की ‘नको’ म्हणण्याची सवय तेवढी जडली होती. पोटभर जेवत ते फक्त आमच्या फेरीत, आणि कुळथाचे पिठले करण्याचा मानही त्यांचाच. पत्नीच्या हातचे पीठ संपल्यावर ते स्वतः कुळीथ भाजायला शिकले होते.

डोळ्यांची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. ऐकू नीट येत होते. परंतु मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. तळव्याला लावलेला कंपकाटा त्यांना जाणवत नव्हता. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. पाय किती दाबतो आहे हेच ज्याला कळत नाही, त्याच्या हाती गाडी देणे म्हणजे त्याला आणि रस्त्यावरील इतरांना संकटात टाकणे. मी सही केली नाही.

ते रागावले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले, “डॉक्टर, गाडी सोडेन हो. पण मग जेवायचं कुणाबरोबर?”

या प्रश्नावर औषधाच्या चिठ्ठीत लिहिण्याजोगे उत्तर नव्हते. उत्तर त्यांच्या सुनेने काढले. पुढच्या फेरीला ती स्वतः मोटार घेऊन आली. शेजारी सासरे, मागे शेगडी, पातेले आणि पिठाचा डबा. तेव्हापासून सामानाची मोटार हा आमच्या ताफ्याचा भागच झाला आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पातेल्याजवळ बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. ती मला हळूच म्हणाली, “घरी मी यांना अर्धी भाकरी खाऊ घालताना थकते.” पुढे तिने घरातही एक बदल केला : सासऱ्यांचे ताट खोलीत नेऊन देणे बंद केले आणि रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे ठरवले. आठवड्यातून एकदा पिठले तेच करतात. चार महिन्यांत वजन अडीच किलोंनी वाढले. बधिर पाय तसेच आहेत. त्यांची निगा रोज राखावी लागते.

पुढे महाडकडे

जलाशय मागे टाकून घाट चढला, की कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून रस्ता पलीकडे जातो आणि कोकणाची खोल दरी समोर येते. उतार संपल्यावर बिरवाडीवरून महाड गाठता येते. तेथे आम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे ओंजळीने पाणी पिऊन ते सर्वांचे असल्याचे ठामपणे सांगितले. आमच्या बाराजणांच्या पंगतीत कोण कोणत्या घरचे, हे कोणी विचारत नाही. परंतु एका पातेल्यातून सर्वांनी वाढून घेणे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी किती अवघड होती, याची जाणीव त्या पायऱ्यांवर होते.

घरी ज्येष्ठ असतील आणि त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेण्याची वेळ आली असेल, तर प्रथम डोळे, कान, पायांची संवेदना आणि चालू औषधे यांची रीतसर तपासणी करून घ्या. खोकल्या-सर्दीची झोप आणणारी औषधेही त्यात मोजा. निर्णय डॉक्टरांसमक्ष आणि त्यांना विश्वासात घेऊन करा. त्यानंतर त्या गाडीवर बसून ते कोणाकडे जात आणि कोणाबरोबर खात, याची यादी करा. जाण्याची सोय लावून द्या, किंवा त्या मित्रांना महिन्यातून एकदा आपल्याकडे बोलवा. पाहुणचाराचा घाट घालू नका. भाकरी, पिठले, कांदा आणि एखादी कोरडी चटणी पुरे. आणि फोडणी शक्य असेल तर त्यांच्याच हातची असू द्या.