लांडगा आला, हसवून गेला!

हेब्बाळ म्हटलं की बहुतेकांना बंगळूरचं आठवतं. हे हेब्बाळ मात्र म्हैसूरचं. कारखान्यांची वसाहत, सॉफ्टवेअर शिकायला देशभरातून आलेल्या पोरापोरींनी गजबजलेला इन्फोसिसचा परिसर आणि संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी एक तलाव. इथल्या एका मराठी घरात त्या शनिवारी रात्री सहा मुलं हसून हसून लोळत होती. त्यांच्यासमोर टीव्हीवर भयपट चालू होता!

सिनेमा होता १९८५चा 'हाउलिंग'चा दुसरा भाग. नावाचं शेपूट आणखी लांब. त्याचा अर्थ : तुझी बहीण नरलांडगी आहे. १९८१ साली जो डान्टे या दिग्दर्शकानं पहिला 'हाउलिंग' काढला. त्यात माणसाचा लांडगा होताना दाखवलेला प्रसंग आजही नावाजला जातो. दुसऱ्या भागात डान्टे नव्हता. फिलिप मोरा हा नवा दिग्दर्शक होता. पैसा बेताचा, कथा त्याहून बेताची. पहिल्या भागातल्या नायिकेच्या अंत्यविधीपासून गोष्ट सुरू होते आणि तिचा भाऊ नरलांडग्यांच्या राणीच्या शोधात थेट युरोपात पोहोचतो. चित्रीकरण बरंचसं तेव्हाच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागला झालेलं. आणि या सगळ्या गोंधळात तोंडावरची सुरकुती न हलवता उभे असतात ख्रिस्तोफर ली. ड्रॅक्युला म्हणून जगभर गाजलेले.

''आजोबा, हा बघा, हा लांडगा! याच्या मिशा निघाल्यात!'' कॉलेजात शिकणारा नातू ओरडला. त्याच्या मित्रांत दोघं कन्नड, एक तेलुगू, बाकीचे मराठी. हसायला भाषा लागत नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले आजोबा हसत नव्हते. मधूनच ते रिमोट उचलायचे आणि एखादा प्रसंग भराभर पुढं पळवायचे. तो कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. सिनेमा संपून नावं यायला लागली, तसा त्यांनी टीव्हीच बंद केला.

''झालं. आता चहा.''

''पण आजोबा, नावं...''

''नावं बघण्यासारखी नाहीत,'' आजोबा म्हणाले. ''नावं चालू झाली की बंद करायचा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो.''

मुलं गप्प झाली. गिऱ्हाइकाला?

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली नातवाची आई चटकन आत वळली. ती हेब्बाळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स विभागात अधिकारी आहे. हाताखाली माणसं आहेत. वडिलांची व्हिडिओ लायब्ररी होती, हे तिनं म्हैसूरला आल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. मुलालाही 'आजोबांचं रेडिओचं दुकान होतं' एवढंच माहीत. ते खोटं नव्हतं. दुकानाच्या अर्ध्या भागात रेडिओ दुरुस्ती चालायचीच. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल ती बोलायची नाही.

तो अर्धा भाग होता इचलकरंजीत, १९८४ ते १९९३. यंत्रमागांचं गाव. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं, ते टीव्हीसकट एका रात्रीपुरता भाड्यानं न्यायचे. दुसऱ्या पाळीवरून सुटलेले मागवाले रात्री बाराला गल्लीत सतरंजी टाकून बसायचे आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे संपवायचे. एक देवाधर्माचा बायकांसाठी, एक मारामारीचा आणि शेवटचा भुताचा.

इंग्रजी कुणाला येत होतं? आजोबांनाही थोडंथोडकंच. मग काउंटरवरच ते गोष्ट सांगून टाकायचे. हा भाऊ, ही मेलेली बहीण, हा म्हातारा आपल्या बाजूचा, ती बाई लांडग्यांची राणी. 'जानी दुश्मन' बघितलाय ना? १९७९चा, संजीवकुमार, सुनील दत्तचा? लाल शालूतली नवरी दिसली की माणसाचं जनावर होतं? तसंच समजा. तेवढ्यावर गिऱ्हाईक कॅसेट घेऊन जायचं.

दुसऱ्या दिवशी परत करताना नवं गिऱ्हाईक विचारायचं, ''कसा हाय ओ?'' रोज तेच सांगून घसा बसायचा. म्हणून आजोबांनी वहीत एक रकाना वाढवला. तारीख, कॅसेटचा नंबर, अनामत, भाडं आणि शेवटी शेरा. परत करणाऱ्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचं.

ती वही आजींनी जपून ठेवली होती. मुलांचा चहा होईपर्यंत त्यांनी ती कपाटातून काढून आणली. नातवानं 'हाउलिंग टू'चं पान शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागला.

'भाषा कळली नाही. पण बायको रात्रभर झोपली नाही. छान.'

'अंधार फार. भीती बरी.'

'म्हातारा चांगला आहे. बाकीच्यांना कामावरून काढा.'

'पहिला भाग असेल तर द्या. हा नको.'

मुलं पुन्हा हसायला लागली, पण आता हसणं जरा निराळं होतं. एका शेऱ्यापाशी नातू थांबला. 'हा लांडगा नाही. हे माकड आहे. पैसे परत पाहिजेत.'

''हा तर भांडायलाच आला होता,'' आजोबांना आठवलं. मागावर काम करायचा आणि सोंगी भजनात अकरा वर्षं मारुतीचं सोंग घ्यायचा. 'मालक, केस कसे चिकटवत्यात ते मला शिकवू नका,' म्हणाला. 'ही वानराची कातडी हाय.' आजोबांनी पैसे काही परत दिले नाहीत. गावभर हसले सगळे त्याला.

नातवाच्या मित्रानं मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि तो चकित होऊन बघतच राहिला. नरलांडग्यांचे पोशाख मागवले असताना माकडांचे पोशाख आले, असं दिग्दर्शक मोरा यांनी स्वतःच पुढं सांगितलं होतं. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'साठी बनवलेले. परदेशात अडकलेल्या माणसांकडं दुसरे मागवायला ना वेळ होता ना पैसा. मग आले त्यावरच भागवलं.

इचलकरंजीच्या मागवाल्यानं कॉपीवरून काढलेल्या कॉपीत, मुंग्या आलेल्या पडद्यावर, ते एका रात्रीत ओळखलं होतं! आजोबा कितीतरी वेळ वहीकडं बघत राहिले. ''पैसे द्यायला हवे होते,'' एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मुलांना एक गोष्ट समजावली. आज हा सिनेमा लख्ख दिसतो. म्हणून गोंद दिसतो, मिशी सुटलेली दिसते, मुखवट्याची शिवण दिसते. तेव्हाची कॅसेट इतकी काळोखी असायची की दात आणि डोळे तेवढे दिसायचे. उरलेला लांडगा बघणारा स्वतःच्या मनानं उभा करायचा. त्या काळोखानंच सिनेमाची अब्रू राखली होती. तेव्हा घाबरलेली माणसं भोळी नव्हती आणि आज हसणारी मुलं फार शहाणी आहेत असंही नाही.

आपल्याकडं रामसे बंधूंनीही असाच संसार केला. 'दो गज जमीन के नीचे' हा त्यांचा १९७२चा भयपट महाबळेश्वरला चित्रित झाला. सात भाऊ. दोघं दिग्दर्शनाला, एक कॅमेऱ्याला, एक आवाजाला, एक पटकथेला. बाहेरची माणसं ठेवायला पैसा नव्हता, म्हणून घरच कामाला लागलं. पुढं १९८४च्या 'पुराना मंदिर'नं तुफान धंदा केला, तर लगेच दुसऱ्या वर्षी त्यातल्या सैतानाच्या नावाचाच 'सामरी' आला, तोही थ्रीडी. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण इचलकरंजीत या कॅसेटींना रांग लागायची आणि त्या रांगेवर आजोबांचं घर चालायचं.

आजींचं मत सगळ्यात वेगळं होतं. सिनेमाभर त्या एकट्या ख्रिस्तोफर लींकडं बघत होत्या. ''एवढा मोठा माणूस. सगळं वेड्यासारखं चाललंय, हे कळत नसेल का त्याला? तरी एकदासुद्धा टाळाटाळ केली नाही. घेतलं काम, केलं नीट.'' पाच वर्षांनी 'ग्रेमलिन्स'च्या दुसऱ्या भागात ली यांनी जो डान्टेकडंच काम केलं, तेव्हा 'तुमच्या सिनेमाच्या त्या पुढच्या भागात मी होतो' म्हणून त्यांनी डान्टेची माफी मागितली, असं सांगितलं जातं. नातवानं हे वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, ''माफी कशाला? पोटासाठी केलेलं काम आहे.''

दारातून हे ऐकणारी मुलगी आता बाहेर आली. डिप्लोमाला असताना एका मैत्रिणीच्या आईनं विचारलं होतं, 'ते रात्री अकरानंतरच्या कॅसेटींचं दुकान तुमचंच का गं?' त्या एका वाक्यानं तिनं दुकानाचं नाव टाकलं होतं. त्याच दुकानातून तिची फी भरली गेली होती. १९९२नंतर केबल घरोघर शिरली, गिऱ्हाईक आटलं. कपाटं विकून आलेले पैसे तिच्या शेवटच्या वर्षाला लागले, हे तिला माहीत होतं. बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि ती मैत्रिणीकडं 'रेडिओ दुरुस्ती' म्हणत राहिली, हेही बाबांना माहीत होतं. तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिनं मुलाच्या हातातून वही घेतली. त्याच्या कन्नड मित्रांना एकेक शेरा कन्नडमध्ये सांगायला लागली. मारुतीचं सोंग घेणाऱ्याची गोष्ट तर तिनं हातवारे करून सांगितली. कोण, कुठला, कसा भांडला, सगळं. काउंटरला टेकून बाबा सांगायचे, तशीच.

''काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत?'' एकानं विचारलं.

''आमची व्हिडिओ लायब्ररी होती,'' ती म्हणाली. ''शाळेतून आले की शेरे मीच लिहायची. अक्षर बघ, माझंच आहे.''

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग घसा साफ करून ते मुलांकडं वळले. ''पुढच्या शनिवारी तिसरा भाग लावा. १९८७चा. दिग्दर्शक तोच. गोष्ट ऑस्ट्रेलियात घडते आणि लांडग्यांना कांगारूसारखी पोटाला पिशवी असते.''

''खरंच?'' मुलं ओरडली.

''भाडं किती, बाबा?'' मुलीनं विचारलं.

''दहा रुपये,'' आजोबा म्हणाले. ''आणि रिवाइंड करून परत आणायची.''