गुरुजींची पदरमोड

अण्णांच्या पगारातला थोडा हिस्सा दर महिन्याला शाळेतच राहायचा. आईला ते ठाऊक होतं, पण तिने कधी हिशोब मागितला नाही. 1980 च्या आसपासचा काळ. माणदेशातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. सरकारी खडू दिवाळीपर्यंत कसेबसे पुरायचे. मग पगाराला तालुक्याला गेलेले अण्णा पिशवीतून खडू आणायचे, दोन-चार पाट्याही आणायचे. पाटी फुटली की मार बसेल म्हणून रानात लपणारी पोरं त्यांना पक्की माहीत असायची.

फळा काळा करायचा दिवस तर आमचा सणच. बॅटरीचे जुने सेल फोडायचे, आतली काळी पूड जुन्या धोतरातून गाळायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि फडक्याने फळ्यावर एकसारखा हात फिरवायचा. वाळला की पुन्हा. कोपरापर्यंत काळे झालेले अण्णा मागे सरून तिरक्या नजरेने बघायचे, कुठे डाग राहिलाय का. चौथीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास रात्री चालत. कंदील शाळेचा, रॉकेल आमच्या रेशनकार्डावरचं. ज्याच्या घरी फी नाही त्याची फी आणि परीक्षेच्या गावाचं एसटीभाडं अण्णांचं, बरोबरच्या दशम्या आईच्या.

पुढे शाळांना साहित्य देणारी खडू-फळा मोहीम आली, 1987 साली. अण्णांच्या निवृत्तीच्या तोंडावर सर्व शिक्षा अभियान आलं आणि शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळू लागले. रक्कम लहानच, पण सरकारने मान्य केलं होतं की वर्गात शिकवायला शिक्षकाला काहीतरी विकत आणावं लागतं. त्या पैशांचे कार्डशीट आणि स्केचपेन घेऊन अण्णांनी रात्र-रात्र तक्ते केले. ते अनुदान नंतर बंद झालं.

आज मी त्याच जिल्ह्यात तशाच शाळेत शिकवते. पुष्कळ बरं झालंय, ते नाकारणार नाही. पुस्तकं फुकट येतात, गणवेश येतो, माध्यान्ह भोजन आहे. अण्णांनी ज्यासाठी खिशात हात घातला त्यातलं बरंचसं आता सरकार देतं. तरीही खिसा रिकामा होतोच, फक्त वेगळ्या कारणांनी. समग्र शिक्षा योजनेत पट तीसच्या आत असला की शाळेला वर्षाचे 10,000 रुपये. खडू, झाडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती, सगळं त्यातच बसवायचं. तेही वर्ष सरत आल्यावर जमा होतात आणि 31 मार्चच्या आत खर्चून टाकायचे असतात. शाळा भरते जूनमध्ये. तोवर प्रिंटरची शाई, स्वाध्यायांच्या झेरॉक्स, चित्रकार्डांचं लॅमिनेशन, माहिती भरायला लागणारा मोबाईलचा डेटा, सगळं पदरचं. 2023 च्या नोव्हेंबरात मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, ते फार चांगलं झालं. पण दर धरला होता 5 रुपये आणि बाजारात अंडं सहा-सातला मिळत होतं. वरचे रुपये अनेक ठिकाणी मुख्याध्यापकांनी घातले.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो फ्लेक्स. वरून उपक्रम येतो, कार्यक्रमाचा फ्लेक्स लावून फोटो पाठवा म्हणतात, आणि ते पैसे माझ्या पर्समधून जातात. त्या फ्लेक्सने कुणाला जोडाक्षर येत नाही. अण्णा खर्च करायचे तो एखाद्या पोराकडे बघून, स्वतःच्या मनाने. माझा निम्मा खर्च परिपत्रकाकडे बघून होतो. उरलेला निम्मा मात्र अजून पोरांसाठीच आहे आणि तो मी आनंदाने करते. पहिलीतल्या मुलीला जाड रेघांची वही लागते, ती मी आणून देते. त्याची पावती मला नकोय.

‘पगार भरपूर आहे, घातले थोडे तर काय बिघडलं?’ असं लोक म्हणतात. आमच्या शाळेवर आलेला नवा शिक्षणसेवक तीन वर्षं 16,000 रुपये मानधनावर काढणार आहे. 2023 च्या आधी हाच आकडा 6,000 होता. आताच्या 16,000 मध्ये खोलीभाडं, पेट्रोल भागवून तो पोरगा मणी आणि अंककार्डं विकत आणतो. त्याने हे मायेने केलं तर त्याला हात जोडावेत, पण त्याच्या मायेवर शाळेचा जमाखर्च जुळवू नये.

अनुदान जूनमध्ये, शाळेची पहिली घंटा होण्याआधी द्या, एवढी सरकारकडे मागणी आहे. आणि जे गावच्या शाळेतून शिकून मोठे झाले, त्यांनी शाळेला कमान बांधून देण्याआधी एकदा बाईंना किंवा गुरुजींना विचारावं, या महिन्यात तुम्ही स्वतःचे किती घातले? मग त्या रकमेचे कागद, शाई आणि वह्या आणून द्याव्यात.