भूमिपुत्राची बडतर्फी

ज्या स्कॉट फ्रॉस्टने १९९७ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामात क्वार्टरबॅक म्हणून नेब्रास्का विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळवून दिला, आणि जो २०१८ च्या हंगामासाठी प्रशिक्षक होऊन मायभूमीत परतला तेव्हा विद्यापीठाच्या लिंकन नगरीने ज्याचे त्रात्याप्रमाणे स्वागत केले, त्याच भूमिपुत्राच्या बडतर्फीची मागणी त्याच्याच चाहत्यांच्या मुखातून अवघ्या चार वर्षांत उमटावी, या दैवगतीचा विचार आज मनातून जात नाही.

सत्तेचाळीस सामन्यांत सोळा विजय, हा हिशेब निष्ठुर खराच. परंतु प्रेक्षकांचा खरा छळ २०२१ साली झाला, कारण त्या वर्षीचे नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या अंतराने पदरी पडले. दारुण पराभवाने मनुष्य निराश होऊन स्वस्थ बसतो. निसटता पराभव मात्र दर शनिवारी आशेला नव्याने मुदतवाढ देतो. १९६२ पासून नेब्रास्काच्या मैदानाची तिकिटे प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. तेव्हा हा संताप उपऱ्यांचा नसून वंशपरंपरेने निष्ठा वाहणाऱ्यांचा होता.

११ सप्टेंबर २०२२ रोजी, जॉर्जिया सदर्न संघाकडून घरच्या मैदानावर ४५-४२ असा पराभव झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फ्रॉस्ट पदच्युत झाला. आणखी तीन आठवडे थांबल्यास करारनाम्यानुसार भरपाईची दीड कोटी डॉलरांची रक्कम निम्म्यावर येणार होती. तरीही विद्यापीठाच्या दरबाराला धीर धरवला नाही. परक्या प्रशिक्षकाला लोक केवळ पराभवाबद्दल दोष देतात. घरच्या माणसाकडून मात्र ते आपल्या गतवैभवाचीही वसुली मागतात.